कंसातली नोंद

आमच्या घरातली द्राक्षबागेच्या फवारणीची वही आण्णांच्या हातची आहे. आण्णा म्हणजे माझे सासरे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाणी उधारी लिहायला वापरतो तसली वही. तारीख, प्लॉट, औषध, लिटरला किती, टाक्या किती, आणि ओळीच्या शेवटी एक शब्द हवेचा: ढगाळ, दव, वारा. दरवर्षी नवी वही घ्यायची आणि दसऱ्याला हळदकुंकू लावून उघडायची. जुन्या सगळ्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत.

मी २००९ साली लग्न होऊन निफाड तालुक्यातल्या या घरात आले. बी.कॉम. झालेली होते, माहेरी कांदा आणि ऊस. द्राक्षातलं काही कळत नव्हतं. आणि पुढच्याच उन्हाळ्यात, २०१० साली, घरातलं बोलणंच बंद झालं. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला इकडे सगळे सीसीसी म्हणतात, ते किलोला ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर सापडलं होतं. सीसीसी हे काही किडीचं औषध नाही, वाढ रोखणारं आहे. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर शेंडा पळू नये, काडीत घड धरावा म्हणून बागायतदार ते वर्षानुवर्षं वापरत आले होते. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते तोवर नव्हतंच. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, माल नाकारला गेला.

आण्णांनी त्या वर्षी आमच्या एका प्लॉटवर सीसीसी मारलंच नव्हतं. वहीत तसं स्वच्छ होतं. पण वही कुणी मागितली नाही. आमचा माल कुणाच्या मालाशेजारी कोणत्या कंटेनरमध्ये होता, नेमका कोणाचा नमुना फेल गेला, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्याच्यामार्फत माल गेला होता त्यानं एवढंच सांगितलं, की माल नाकारला. आण्णा त्या वर्षीची वही घेऊन दोनदा त्याच्या ऑफिसात गेले आणि तशीच पिशवीत घालून परत आले. ती पिशवी खुंटीला लावताना त्यांनी एक शब्द काढला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते.

हे सगळं आधी सांगते, कारण २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं ‘ब्लॉकचेन’ हा शब्द उच्चारला तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली आणि मी एकटी हो म्हणाले. मला ती पिशवी आठवत होती.

तसा आमच्या मालाचा माग आधीपासून लागतच होता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. द्राक्षांसाठी अपेडानं, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं बघणाऱ्या केंद्रीय संस्थेनं, २००६ साली ग्रेपनेट ही माग काढायची ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. निर्यात करायची तर दरवर्षी कृषी खात्याकडे बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला वेगळा क्रमांक, काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेतलेला नमुना, त्याचा अहवाल, मान्यताप्राप्त पॅकहाऊस, ॲगमार्कचं प्रतवारीचं प्रमाणपत्र, शेवटी फायटो, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला. या सगळ्याची साखळी ग्रेपनेटवर बसते. कुठल्या औषधाला काढणीआधी किती दिवस थांबायचं याची यादी पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं. तिला ‘अनेक्शर पाच’ म्हटलं की इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. युरोपचा २००२ सालचा अन्नकायदाही हेच मागतो: माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, एक पायरी मागे आणि एक पायरी पुढे, प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. म्हणजे नवीन काही आकाशातून पडलं नव्हतं. पण ग्रेपनेट शेतकऱ्याच्या दृष्टीनं न्हावाशेव्याला संपतं. कंटेनर जहाजावर चढला की पुढे अंधार. आणि जे बंदराच्या अलीकडचं आहे ते सरकारच्या संगणकावर. तिकडचा खरेदीदार ते स्वतः उघडून पाहू शकत नाही, आम्हीही सगळं पाहू शकत नाही.

कंपनीनं पॅकहाऊसच्या हॉलमध्ये पुण्याहून एका मुलाला बोलावलं होतं. सव्वाशे-दीडशे बागायतदार, बायका आम्ही सात-आठ. त्यानं ‘ब्लॉकचेन’ म्हटल्याबरोबर मागून कुणीतरी विचारलं, “बिटकॉइनचं आहे का?” त्यात काही चूक नव्हती. गावात अशा नाण्यांच्या नादानं पैसे घालवलेली दोन घरं होती. मुलानं मग अमेरिकेतल्या वॉलमार्टची गोष्ट सांगितली. २०१६ साली त्यांच्या अन्नसुरक्षा विभागाचे प्रमुख फ्रँक यिआनास यांनी कापलेल्या आंब्याचं एक पाकीट टेबलावर ठेवलं आणि हे कुठल्या बागेतलं ते शोधा म्हणाले. जुन्या पद्धतीनं शोधायला ६ दिवस, १८ तास आणि २६ मिनिटं लागली. आंबे मेक्सिकोचे होते. ब्लॉकचेनवर नोंदी असलेल्या मालाचा माग २.२ सेकंदात लागला. हॉलमध्ये ‘अरे’ झालं.

मला त्या आकड्यापेक्षा त्यामागचं काम दिसत होतं. दोन सेकंदात उत्तर मिळतं ते कुणीतरी आधीच, रोज, प्रत्येक पायरीला न चुकता लिहून ठेवलेलं असतं म्हणून. आमच्याकडे ते लिहिणारी मी असणार होते.

आण्णा पहिल्या रांगेत बसले होते. मुलगा ठोकळे आणि साखळ्यांची चित्रं दाखवत होता. प्रत्येक ठोकळ्यातल्या मजकुरावरून संगणक ठरावीक लांबीचा एक ठसा काढतो, एक आकडा बदलला तरी सगळा ठसा बदलतो, आणि पुढच्या ठोकळ्यात मागच्याचा ठसा असतो. म्हणून मधलंच एक पान कुणाला गुपचूप बदलता येत नाही. आण्णांनी हात वर केला.

“म्हणजे तलाठ्याच्या फेरफारासारखं. जुनं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. वर फेरफाराचा नंबर पडतो. कोणाचं होतं, कधी गेलं, कशानं गेलं, सगळं दिसतं.”

मुलगा दोन क्षण थांबला. मग म्हणाला, “हो काका. फक्त सातबारा तलाठ्याकडे एकच असतो. हा पाच जणांकडे आहे आणि पाचही जुळावे लागतात.”

त्यानंतर हॉलमध्ये कुणी बिटकॉइन काढलं नाही. गाव नमुना सहा आणि सात-बारा ज्याच्या घरात भांडणाचं कारण झालेलं आहे, त्याला न खोडता येणाऱ्या नोंदीचं मोल वेगळं समजवावं लागत नाही. पुढे वर्षभर आम्ही ब्लॉकचेन म्हणालोच नाही. ‘फेरफार’ म्हणायचो. “आजच्या फवारणीचा फेरफार टाकला का?”

ते पाच कोण, हे मी विचारलं. कंपनी, पॅकहाऊस, प्रयोगशाळा, जहाजाचं बघणारा एजंट आणि तिकडचा आयातदार. शेतकऱ्याकडे प्रत नाही. शेतकऱ्याकडे मोबाइलवरचं ॲप. “सहावी प्रत आमच्याकडे का नाही?” उत्तर मिळालं, की कंपनी तुमचीच, तिची प्रत ती तुमचीच प्रत. कायद्यानं ते बरोबरच होतं. तरी माझ्या मनातून प्रश्न गेला नाही.

१० ऑक्टोबर २०२३ ला दोन नंबरच्या प्लॉटची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली. अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं. ही साखळीतली आमची पहिली नोंद. पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजायचं: पोंगा, फेलकाढणी, फुलोरा, डिपिंग, थिनिंग, अशा बागेच्या सगळ्या पायऱ्या.

ॲप चांगलं होतं, पण ते बनवणारा माणूस बागेत उभा राहिलेला नव्हता. मांडवाखाली रेंज नाही. शेततळ्याच्या बांधावर चढलं की दोन काड्या यायच्या. नोंद मोबाइलमध्ये साठून राहायची आणि रेंज मिळाली की वर जायची. पण साखळीत वेळ पडायची ती वर गेल्याची. पहाटे साडेसहाला मारलेली फवारणी रात्री पावणेनऊची दिसायची. भुरीचं, म्हणजे त्या बुरशीरोगाचं, औषध रात्री नऊला कोण मारतो? मी आठवडाभर फोन करून करून त्यात दोन रकाने करवून घेतले, काम केल्याची वेळ आणि नोंद चढल्याची वेळ. हे बारीक वाटेल, पण कायमची राहणारी नोंद मुळात चुकीची असेल तर चूकच कायमची होते. साखळीला बाग दिसत नाही. मी जे लिहीन ते ती जपते, खरं असो की खोटं.

आमच्याच पट्ट्यातल्या एकानं एकदा उघड विचारलं, “मारलं तरी लिहिलं नाही, तर कोणाला कळणार?” प्रश्न रास्त आहे. पण फळ प्रयोगशाळेत जातं तेव्हा ते बोलतं. नोंद आणि नमुना एकमेकांसमोर ठेवले की लपवलेलं बरंच उघडं पडतं. एकटी नोंद, कितीही न पुसता येणारी असली, तरी पुरेशी नाही. म्हणून नमुना घ्यायला आलेल्या माणसाबरोबर मी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांत फिरायचे. तो सोयीच्या कडेच्या ओळीतून घड घ्यायला लागला की मी त्याला मधे न्यायचे. त्याला ते आवडलं नसावं.

आता ती चूक. ती माझी होती.

१२ जानेवारीला भुरीसाठी फवारणी झाली. बाग ९४ दिवसांची, मण्यात पाणी उतरायला लागलेलं. आण्णांनी वहीत लिहिलं. मी लगेच ॲपवर टाकायला हवं होतं, पण तीन दिवसांवर संक्रांत होती, नणंदा आल्या होत्या, तीळ-गूळ, पाहुणे, त्यात थोरल्याला ताप. २३ तारखेला रात्री बसून राहिलेल्या चार नोंदी एका दमात टाकल्या. त्यातल्या एकीत १२ च्या जागी २१ पडलं. झोपेत होते म्हणा, घाईत म्हणा. खात्री करायचं बटण मीच दाबलं.

त्या औषधाला काढणीआधी ३० दिवस थांबायचं होतं. १२ पासून मोजलं तर ११ फेब्रुवारीला मोकळे. २१ पासून मोजलं तर २० फेब्रुवारी. काढणी आम्ही १७ ला धरली होती.

१४ फेब्रुवारीला सकाळी पॅकहाऊसवरून फोन आला. “ताई, तुमचा दोन नंबर लाल दाखवतोय. काढणीची तारीख पडत नाही.” मी म्हटलं, “प्रयोगशाळेचा अहवाल आलाय की, पास आहे.” ते म्हणाले, “अहवाल हिरवाच आहे. फवारणीच्या दिवसांवर अडलंय. आमच्या हातात नाही, ते आपोआप अडतं.” यालाच ते स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात: अट आधी लिहून ठेवायची, अट पुरी झाली नाही तर पुढचं दार उघडत नाही. ओळखीनं, विनवणीनं, साहेबांच्या शब्दानं उघडत नाही. ज्या दिवशी ही गोष्ट हॉलमध्ये सांगितली होती त्या दिवशी मीच सगळ्यांत जोरात मान डोलावली होती.

मी ॲप उघडून नोंद बघितली. २१. खाली माझंच नाव. मागच्या वीस वर्षांत आण्णांनी वहीत कधी तारीख चुकवली नव्हती, आणि मी पहिल्याच हंगामात अडीच एकर अडवून बसले होते. ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, १८ च्या वर गेला होता, मणी १८ मिलिमीटरला पोचलेला, पेठ-सुरगाण्याकडची काढणीची टोळी दारात उतरलेली, आणि मोबाइलवर १९-२० तारखेला ढगाळ हवेचा अंदाज. पिकलेल्या बागेवर अवकाळी पडला की मणी तडकतात. एका रात्रीत सोन्याची माती होते हे इथं बोलायची म्हण नाही, पाहिलेली गोष्ट आहे.

आण्णांना सांगायला गेले तेव्हा ते ओट्यावर बसून दाढी करत होते. मी सांगितलं. त्यांनी आरसा खाली ठेवला. “खोडता येत नाही?”

“नाही.”

“मग कंस कर. फेरफाराला पुरावा काय काय लागतो ते विचार.”

एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

पुरावे असे गोळा केले. वहीचं ते पान, ज्यावर १२ च्या आधी १० ची आणि नंतर १६ ची नोंद आण्णांच्याच अक्षरात होती, मधे घुसवायला जागा नाही. औषधाच्या दुकानाचं १० जानेवारीचं बिल, त्यावर लॉट क्रमांक. फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्याची हजेरी. शिवाय मी नोंद २३ ला घरून टाकली हे ॲपच्याच नोंदीत होतं, जो दुसरा रकाना मी भांडून करवून घेतला होता. आणि अहवाल, ज्यात त्या औषधाचा अंश मर्यादेच्या बराच खाली होता. हे सगळं कंपनीच्या शेतकी अधिकाऱ्यानं तपासलं, प्रयोगशाळेनं अहवाल आणि प्लॉट जुळवून मान्यता दिली, मग तिकडच्या आयातदाराची संमती लागली आणि ती यायला दीड दिवस गेला, कारण त्यांच्याकडे शनिवार-रविवार. १८ च्या रात्री साडेअकराला प्लॉट हिरवा झाला. जुनी नोंद गेली नाही. ती आजही तिथं आहे, राखाडी रंगात, तिच्याखाली दुरुस्तीची नोंद, कारण, आणि मान्यता देणाऱ्या तिघांच्या खुणा.

१९ ला काढणी सुरू केली. ढग आले, पाऊस आला नाही.

काढणीच्या दिवसाचं एक सांगते. प्रत्येक कॅरेटला बारकोडचं स्टिकर लावायचं होतं, म्हणजे कुठली ओळ, कुठल्या वेळेला तोडली ते पॅकहाऊसला कळावं. पहाटे दव इतकं, की स्टिकर ओल्या प्लास्टिकला धरेचना. कॅरेट उचललं की स्टिकर मातीत. पहिल्या अर्ध्या तासात पन्नासेक कॅरेटं बिननावाची झाली. टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या पिशवीतून सुतळी काढली, स्टिकर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवायला लावलं आणि पुठ्ठा कॅरेटच्या कानाला बांधला. मग सगळ्यांनी तसंच केलं. ती बिननावाची पन्नास कॅरेटं मी निर्यातीतून काढली आणि लोकल मार्केटला दिली. नवरा म्हणाला, आपल्याच बागेतली आहेत की. आहेत. पण कुठल्या ओळीतली ते मी शपथेवर सांगू शकत नव्हते.

माल २४ फेब्रुवारीला न्हावाशेव्याहून गेला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जात होती. नेहमीपेक्षा दहा-पंधरा दिवस जास्त, भाडंही वाढलेलं. द्राक्ष काही धान्य नाही. शून्याच्या आसपास ठेवलं तरी देठ आतून वाळत राहतो.

एप्रिलच्या सुरुवातीला रॉटरडॅमहून निरोप आला: देठ तपकिरी, मणीगळ, काही पनेटांत, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यांत, कूज. क्लेम. हा शब्द आमच्याकडे नांगराच्या फाळासारखा ओळखीचा आहे. आधीच्या वर्षांत ‘तुमच्या मालाला क्लेम बसला’ एवढंच कळायचं आणि हिशोबातून रक्कम वजा व्हायची. का बसला, कुठे बिघडलं, विचारायची सोय नव्हती.

या वेळी मी ॲप उघडलं आणि कंटेनरच्या तापमानाची रेघ बघितली. पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंगनंतर गराचं तापमान १ अंश. कंटेनर भरताना १ अंश. जहाजावर सरळ रेघ. मग मधल्या एका बंदरात, जिथं कंटेनर एका जहाजावरून दुसऱ्यावर गेला, तिथं रेघ उठली. १४ तास. वर ९ अंशांपर्यंत. मग पुन्हा खाली. मला रिफरमधलं, म्हणजे थंड कंटेनरमधलं, काही कळत नाही, पण ती उठलेली रेघ कळायला काही लागत नाही. तापावलेल्या पोराचा तक्ताच तो.

कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र पूर्वीही असायचं, पण त्याची रेघ कधी निफाडपर्यंत पोचत नव्हती. कंपनीनं ती रेघ पुढे केली. आयातदाराकडेही तीच प्रत होती, वेगळी रेघ दाखवायची सोय नव्हती. पत्रव्यवहार दोन महिने चालला. शेवटी शेतकऱ्यांवर लावलेली कपात बऱ्याच अंशी उठली, तो भार विमा आणि वाहतुकीच्या बाजूला गेला. पूर्ण उठली नाही. थोडी मणीगळ आमचीही असेल, वळशाचा प्रवास होता.

त्या संध्याकाळी आण्णांना ती रेघ दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, बोटानं १४ तासांच्या टेकाडावरून मागे-पुढे केलं, आणि मग उठून माळ्यावर गेले. खाली आले तेव्हा हातात २०१० ची वही होती. काही बोलले नाहीत. पुसून पुन्हा ठेवून आले.

मे महिन्यात माझ्या चुलत दिरानं आइंडहोव्हनहून फोटो पाठवला. तो तिकडे नोकरीला आहे. दुकानात पनेट घेतलं, त्यावरचा कोड स्कॅन केला आणि आमचं गाव निघालं. घरात गलका झाला. मी नीट बघितलं तर प्लॉटचा क्रमांक, छाटणी आणि काढणीची तारीख बरोबर, पण फोटो कुठल्यातरी दुसऱ्याच शेतकऱ्याचा, हसरा, फेटा बांधलेला. गिऱ्हाईक बघतं ते पान म्हणजे साखळी नव्हे; साखळीतलं थोडं घेऊन विक्रीसाठी सजवलेलं वेगळं पान असतं ते. साखळीत कोणाला फोटो बदलता आला नसता. पानावर कोणीही बदलू शकतो. मी कंपनीला कळवलं, फोटो काढला गेला. आता तिथं बागेचा फोटो आहे.

आण्णांनी मात्र मोबाइल हातात घेऊन वेगळंच विचारलं. “याच्यावर भाव कुठे लिहिलाय?”

मी दिराला विचारलं. त्यानं शेल्फवरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. अर्धा किलोच्या पनेटचा भाव. आण्णांनी तो रुपयांत करायला लावला, मग किलोचा काढायला लावला, मग वहीतला आमचा भाव शेजारी लिहिला. दोन आकड्यांमध्ये जहाज आहे, पॅकिंग आहे, थंडावा आहे, तिकडची मजुरी आणि दुकानाचं भाडं आहे, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, “असू दे ना. पण मी १२ जानेवारीला काय मारलं ते त्याला दिसतं. माझी घोडचूक दिसते. त्याचं मला काय दिसतं?”

वर्षभर माझ्या मनात जे नुसतं ठसठसत होतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. २०१७ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या संशोधकांनी ब्लॉकचेनवर एक पथदर्शी अभ्यास केला होता आणि त्यासाठी निवडलं होतं ते दक्षिण आफ्रिकेचं खाण्याचं द्राक्ष, म्हणजे आमच्याच बाजारातला आमचा स्पर्धक. भर होता तो प्रमाणपत्रं खरी आहेत का हे साखळीतल्या सगळ्यांना पटकन तपासता यावं यावर. योग्यच आहे. पण प्रत्येक ठिकाणी माग काढायचा तो खाणाऱ्याकडून पिकवणाऱ्याकडे. पैशाचा माग पिकवणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढायला कुणी साखळी बांधत नाही. आणि इथं, जिथं दर हंगामात कुठला ना कुठला व्यापारी शेतकऱ्यांचा माल उचलून पैसे न देता पसार होतो आणि बायाबापड्या पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढतात, तिथं खरी गरज त्याच मागाची आहे.

जूनमध्ये कंपनीच्या सभासदांच्या बैठकीत मी तीन गोष्टी लेखी दिल्या. कपात झाली तर तिचं कारण आणि पुरावा साखळीत यावा. माल गेल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंतची प्रत्येक तारीख यावी. आणि आयातदारानं कंपनीला दिलेला दर सभासदांना दिसावा. तिसऱ्यावर बराच वाद झाला. दर उघडे केले तर दुसऱ्या देशातले विकणारे त्यावर टपून बसतील, आयातदार करार मोडेल, असं संचालक म्हणाले. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण सभासदापुरता दर दाखवायला काय हरकत आहे, ज्याच्या-त्याच्या प्लॉटचा त्याला? साखळीत कोणाला काय दिसावं हे ठरवता येतं, हे आम्हाला त्याच हॉलमध्ये शिकवलं होतं. पेठेतला एक बाहेरचा व्यापारी मला आमच्या बागेचा ब्रिक्स सांगून फोन करू शकतो, इतकी ती माहिती कुठून तरी पाझरली होती. मग आमचाच दर आमच्यापासून जपायचा का?

पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. २०२४-२५ च्या हंगामात त्या चालू झाल्या. माल १ मार्चला गेला, पैसे ४८ व्या दिवशी पडले आणि ती तारीख पाचही प्रतींत चढली. कपात होती, कारण लिहिलेलं होतं, सोबत पनेटांचे फोटो होते. आम्ही मान्य केली.

आण्णा अजून वहीतच लिहितात. मी आता रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढून नोंदीला जोडते, आणि तारीख टाकली की मोठ्यानं वाचते. ते ओट्यावरून ‘बरोबर’ म्हणाले की मग बटण दाबते. वहीत त्यांनी यंदा हवेच्या शब्दानंतर आणखी एक रकाना आखलाय, भावाचा. तो आमच्याकडे भरलेला असतो. साखळीतला अजून नाही. पुढच्या बैठकीसाठी मी तो विषय पुन्हा लेखी दिला आहे, या वेळी खाली बावीस सभासदांच्या सह्या आहेत.